डाव्या बाजूची मोकळी जागा

संयोगिताने एक्स-रेच्या फिल्मवर दुसरी रेघ ओढली, कोनमापक टेकवला आणि आकडा वाचला. मग ओल्या कापसाने दोन्ही रेघा पुसून तिने सगळे पुन्हा पहिल्यापासून केले. वरचा कललेला मणका, खालचा कललेला मणका, त्यांच्या कडेने दोन रेघा आणि त्या रेघांमधला कोन. दुसऱ्यांदाही चौतीसच आले. फेब्रुवारीतल्या फिल्मवर अठ्ठावीस होते.

“किती कमी आलंय, मॅडम?”

खुर्ची रिकामी असूनही वीरभद्र उभाच होता. एसटीच्या कार्यशाळेत तो बसच्या सीटा शिवत असे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो खाकी कपड्यांतच आला होता आणि मुलीचे दप्तर त्याच्याच खांद्याला होते. दानेश्वरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. गणवेशाच्या ढगळ शर्टाखाली पाठीच्या ब्रेसची कडा फळीसारखी सरळ दिसत होती.

“आमच्यात समद्यास्नी सांगून आलोय, आज पोरीचा रिझल्ट हाय म्हणून. जोतीराम मेस्त्री म्हणतोय, ईरभद्रा, पेढं आणल्याबिगर तुला गेटातनं आत घेत न्हाय. म्हटलं, मर्दा, दोन किलो आणतो. पोरगी दिवसरात्र जाकीट घालून हाय. न्हाताना काढती तेवढंच.”

संयोगिताने दिव्याच्या पेटीवरून फिल्म काढली. सकाळी डॉक्टरांनी हीच फिल्म तिच्या हातात देऊन सांगितले होते, “घालत नाही ही मुलगी. तुम्ही एकदा विचारून बघा. नसेलच घालत, तर ब्रेस बंद करू. उगाच प्लास्टिकचं ओझं कशाला? वाढ जोरात आहे. पंचेचाळीसच्या पुढं गेलं की मुंबईला पत्र देऊ.” मुंबईचे पत्र म्हणजे मणक्यांत सळ्या बसवून पाठ कायमची बांधून टाकायचे ऑपरेशन.

“वाढलंय,” ती म्हणाली.

“काय वाढलंय?”

“बाक. अठ्ठावीस अंशांचा चौतीस झालाय.”

वीरभद्रने दप्तर खांद्यावरून उतरवले आणि खुर्चीत ठेवले. “असं कसं? फोटो दुसऱ्या कुणाचा तर न्हाय न्हवं?”

“नाव बघितलंय मी. दानेश्वरी, खरं सांग. ब्रेस किती वेळ असतो अंगावर? कुणी रागावणार नाही.”

दानेश्वरीने वडिलांकडे पाहिले नाही. ती बुटाच्या नाडीकडे बघत होती.

“मी घालत न्हाय,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस?” वीरभद्र वळला.

“शाळेत गेलो की काढून ठेवतो. बाकाखाली. घरला येताना परत घालतो.”

“परवा पंचमीला झोक्यावर जाकीट घालून बसलीस की गं! समद्या पोरी हसत हुत्या तरी बसलीस! मी गल्लीभर सांगत हिंडलो, आमची दानव्वा वाघीण हाय म्हणून. आणि शाळंत बाकाखाली?”

त्याचा आवाज मुळातच मोठा होता. कार्यशाळेत हातोड्यांवर आवाज चढवून बोलायची सवय. बाहेरच्या बाकावरची माणसे दारातून आत बघू लागली. कुणीतरी म्हणाले, “पोरीची जात, लाज वाटत असंल की ओ पावणं.” वीरभद्रला ते ऐकू गेले. खिशातला रुमाल काढून त्याने तोंड पुसले आणि खोलीबाहेर निघून गेला.

संयोगिताने दार लावले.

“शर्ट काढ. ब्रेसही काढ. कातडी बघू दे.”

“कशाला? सांगितलो की मी.”

“काढ.”

ही मागची खोली रुग्णालयाने तिला दिली होती. मुंबईत शिकून कोल्हापूरला परत आल्यापासून ती इथेच प्लास्टरचे साचे घ्यायची, ओव्हनमध्ये प्लास्टिक तापवून त्यावर चढवायची, पट्टे बसवायची. भिंतीशी ओळीने मुलांच्या धडांचे पांढरे साचे उभे असत. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. मुले ब्रेस घालत नसली, तरी घालतो म्हणतात. शपथेवर म्हणतात. घालत नाही असे आपण होऊन सांगणारे मूल तिने अजून पाहिले नव्हते.

दानेश्वरी बनियन वर करून पाठमोरी उभी राहिली. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी तिने सवयीने मुठीत धरली. फेब्रुवारीत साचा घेतानाही ती गळ्यातून काढलेली नव्हती. प्लास्टर ओले असेपर्यंत तिची आई शांतव्वा ती हातात उचलून धरून उभी होती.

कमरेच्या दोन्ही खोलगट जागा तपकिरी झाल्या होत्या. उजव्या बरगड्यांवर, जिथे ब्रेस आतून ढकलतो, तिथली कातडी टाचेसारखी जाड होती. संयोगिताने तिथे अंगठा दाबला. रोज पाच-सहा तास काढून ठेवला तर कातडी अशी होत नाही. घामात, झोपेत, बाकावर, सगळीकडे महिनोन्‌महिने अंगावर असल्याशिवाय होतच नाही.

मग तिला डाव्या बरगड्यांवर ठिपके दिसले. बारीक, गोल, एका रांगेत. खालची रांग वरच्या रांगेच्या मधोमध. ती वाकली आणि चष्मा वर करून बघत राहिली. या बाजूला काहीच खूण असायला नको होती.

तिने ब्रेस उचलला आणि खिडकीशी जाऊन आत पाहिले.

डाव्या बाजूला गडद हिरव्या रेक्झिनची गादी बसवलेली होती. इतकी नेमकी की आधी ती ब्रेसचाच भाग वाटली. कडेला मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण, टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एका मापाचे. कोपऱ्यांत रेक्झिनची एकही चुणी नव्हती. मधे फोम फुगीर आणि कडेकडे उतरत गेलेला. घाम साठू नये म्हणून पंचने बारीक भोके पाडली होती, एक आड एक, रांगेत.

संयोगिताने गादीवर तळहात ठेवला. आतला फोम घट्ट होता, लांबच्या प्रवासाच्या सीटांना घालतात तसा.

“हे कधी केलं?”

दानेश्वरी बनियन खाली ओढू लागली.

“मार्चमध्ये मी तपासला तेव्हा हे नव्हतं.”

“मे महिन्यात,” दानेश्वरी म्हणाली. ती आता स्टुलावर बसली होती. “अप्पा म्हणाले, जाकिटात पोकळ ऱ्हायलंय. बोटानं वाजवून बघितले. म्हणाले, मापाची चूक झाली असंल मॅडमची, बिचारी एकटी काय काय बघणार. मी भरून देतो. रेक्झिन लक्ष्मीपुरीतनं विकत आणले. एसटीचं न्हाय ते.”

“तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ती जागा कशासाठी आहे ते.”

“व्हय.”

“काय सांगितलं होतं?”

दानेश्वरीने उजवा हात बरगडीवर ठेवला. “हिकडनं जाकीट ढकलणार.” मग डावा हात हवेत, अंगापासून चार बोटे लांब धरला. “आणि पाठ हितं येणार. हितं जागा नसली तर येणार न्हाय.”

तिने शब्द न्‌ शब्द लक्षात ठेवला होता. ते सांगत असताना साचा घेण्यासाठी मुलीच्या अंगावर कपडे नव्हते, शांतव्वाचे सगळे लक्ष हातातल्या डबीकडे होते, आणि वीरभद्र बाहेर बाकावर बसून होता. परत जाताना त्याला एवढेच सांगितले गेले होते, की दिवसरात्र घालायचा.

“मग बोलली का नाहीस त्यांना?”

“बोलणारच होतो.” ती म्हणाली. “पण त्या दिवशी अप्पांची माणसं आली घरला. जोतीराम मामानं मला उभं करून, जाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. म्हणाला, ईरभद्रा, आमदाराच्या गाडीत बी असली शीट न्हाय. अप्पा नुसते हसत हुते. असं हसताना मी बघितलोच नव्हतो त्यांना. मग म्हटलं, उद्या सांगू.”

“आणि उद्या?”

“उद्या अप्पांनी भोकं पाडली. गरम हुईल म्हणून.”

संयोगिता खिडकीच्या कट्ट्याला टेकली.

“डॉक्टर ब्रेस बंद करायला निघालेत. तू घालत नाहीस म्हणून. पुढं काय असतं माहीत आहे?”

“ऑपरेशन.”

“मग?”

“करून घेतो की. त्यात काय एवढं.” आवाज ठणठणीत होता, पण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले होते. “तुम्ही अप्पांना सांगू नका, मॅडम. काढून टाका ती गादी आणि माझं नाव सांगा. मीच घातलो न्हाय म्हणून सांगितलोय, आता काय?”

संयोगिताने विचार केला. वीरभद्रला सांगता येईल, की मुलगी वाढली, आता आकार बदलायचा आहे, गादी नको. तो ऐकेल. पण मग मुलगी घालत नाही हेच डॉक्टरांसमोर खरे ठरेल, आणि न घालणाऱ्या मुलीला ते ब्रेस देणार नाहीत. ब्रेस चालू ठेवायचा तर ती घालत होती हे सांगावेच लागेल. आणि घालत होती म्हटले, की बाक का वाढला, ते आलेच.

दारावर टकटक झाली. वीरभद्र आत आला. त्याने तोंडावर पाणी मारले होते, कॉलर भिजली होती. मुलीकडे न बघता तो संयोगिताशी बोलला.

“मॅडम, ही काय घालत न्हाय. कुणाला जुलूम करून हुतंय व्हय? जाकीट हितंच ठिवा. कुणा गरिबाच्या पोराच्या मापाचं झालं तर द्या त्येला.” त्याने ब्रेस हातात घेतला आणि आतल्या गादीवरून अंगठा फिरवला. “ही गादी असू दे आत. मऊ लागंल.”

दानेश्वरीने मान वर केली आणि संयोगिताकडे पाहिले. नको, असे ती डोळ्यांनी म्हणत होती.

“अण्णा, ब्रेस ठेवा टेबलावर,” संयोगिता म्हणाली. “आणि इकडे भिंतीशी या.”

“मी?”

“हो. डावी बाजू भिंतीला चिकटवून उभे राहा. खांद्यापासून पायापर्यंत.”

काहीतरी तपासणी असेल अशा समजुतीने तो मुकाट्याने उभा राहिला. संयोगिताने दोन्ही तळहात त्याच्या उजव्या बरगड्यांवर ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून ढकलले.

“हललात?”

“हलतोय कसा? भिंत हाय की हिकडं.”

“आता एक पाऊल उजवीकडं या. भिंतीपासून लांब.”

ती पुन्हा ढकलू लागली. या वेळी अर्धाही जोर लावावा लागला नाही. त्याचे अंग कमरेपासून वर डावीकडे सरकले. पडू नये म्हणून त्याने टेबल धरले. टेबलावर ब्रेस होता.

तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने ब्रेस स्वतःकडे वळवून घेतला. उजव्या बाजूच्या टणक उंचवट्यावर एक हात ठेवला. डाव्या बाजूच्या हिरव्या गादीवर दुसरा. दोन्ही हात एकमेकांकडे दाबले. सांगण्यासारखे उरले नव्हते.

“पोकळ मुद्दाम ठेवलंतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मापाची चूक नव्हती.”

“नव्हती. पण तुम्हाला ते मी सांगायला हवं होतं. तिला सांगितलं, तुम्हाला नाही.”

“हिला सांगितलंतं?”

त्याने पहिल्यांदाच मुलीकडे पाहिले. दानेश्वरी वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधत होती.

“दानव्वा, शाळंत काढून ठेवत हुतीस?”

तिने रिबनचे टोक बोटाला गुंडाळले.

“बाकाखाली ठेवत हुतीस?”

“अप्पा, तुम्ही किती झ्याक शिवलं होतं,” ती म्हणाली, आणि मग तिला रिबनची गाठ दिसेना.

वीरभद्रने खिशातून छोटी धारदार पाती काढली. टाके उसवायची त्याची रोजची पाती. संयोगिताला वाटले, तो एकेक टाका उसवील. रेक्झिन महाग असते, आणि असे काम पुन्हा वापरता येते. त्याने पाती कडेखाली घातली, चिकटवायच्या सोल्युशनची पकड सुटेपर्यंत एकदाच फिरवली आणि सगळी गादी मुठीत धरून ओढली. साल सोलल्यासारखा मोठा आवाज आला. आतले पांढरे प्लास्टिक उघडे पडले. त्याने तिथे बोटे फिरवली, चिकटून राहिलेला फोमचा तुकडा नखाने खरवडला, फुंकर मारली, पुन्हा बोटे फिरवली. मग ब्रेस संयोगिताच्या हातात दिला.

“घाला तिला,” तो म्हणाला, आणि गादी घेऊन बाहेर पडला.

डॉक्टरांची खोली बोळाच्या पलीकडे, समोरासमोर होती. मधल्या बाकांवर माणसे दाटीने बसली होती. तो थेट दाराकडे निघाला, तशी पहिल्या नंबरची आक्का गुडघा धरून अर्धी उठली.

“ओ पावणं! आमी काय हितं मुक्कामाला आलोय व्हय? लाईन हाय.”

“आक्का, एक सांगायचं ऱ्हायलंय. तेवढं सांगतो आणि येतो.”

“मघाशी पोरीवर वरडलासा, ते कमी पडलं काय?”

“व्हय, तेच सांगायचंय,” वीरभद्र म्हणाला आणि आत शिरला. दार ओढून घ्यायचे त्याच्या लक्षात आले नाही. आवाज बारीक करणे तर त्याला कधी जमलेच नव्हते.

“डॉक्टर, पोरगी खोटं बोलली तुमास्नी.”

“ते फिल्म बघूनच कळलं मला. या वयातल्या मुली नाही घालत. त्यांचाही फार दोष—”

“न्हाय न्हाय. घालत न्हाय म्हणाली, ते खोटं. घालतीया. ही बघा, ही गादी मी आत बसवलीती, मोकळ्या जागंत. पाठ सरकायची तितं भिंत बांधून ठेवली मी. पोरीला ठावं हुतं. मला वाईट वाटंल म्हणून तिनं नाव सवताचं सांगितलं.”

बाकावरची माणसे बोलायची थांबली होती.

“हे हाताने शिवलंय तुम्ही?” डॉक्टरांचा आवाज आला.

“ते जाऊ दे.”

“सुरेख काम आहे हो.”

“ते जाऊ दे म्हणतोय न्हवं! जाकीट बंद करणार हाय का चालू ठेवणार, ते सांगा.”

“ती घालते म्हणता ना? कातडीवरून संयोगिताबाई सांगतीलच मला. मग चालू ठेवू. जागा मोकळी ठेवायची, आणि फेब्रुवारीत पुन्हा फिल्म. थांबेल असं आत्ताच सांगत नाही मी. पण संधी आहे.”

“मग लिवा.”

“लिहितो.”

“काय लिवलं?”

“नियमित घालते, असं लिहिलंय.”

“नियमित म्हंजी काय? दिवसरात्र घालती म्हणून लिवा. शाळंत बी.”

इकडे खोलीत दानेश्वरी टेबलाची कडा धरून उभी होती. ब्रेस बनियनवर चढला होता, शर्ट अजून स्टुलावरच होता. संयोगिताने पाठीमागून खालचा पट्टा ओढून बसवला आणि मधला हातात घेतला. बोळातून आक्का मान लांब करून आत बघत होती.

“हीच व्हय ती?” तिने शेजारच्या बाईला विचारले, ते खोलीतल्या दोघींनाही ऐकू आले.

दार सताड उघडे होते. वीरभद्र जाताना तसेच टाकून गेला होता. संयोगिताने पट्टा सोडला आणि ते लावायला निघाली.

“ऱ्हाऊ द्या, मॅडम,” दानेश्वरी म्हणाली. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, श्वास सोडला. “ओढा तुम्ही.”